घरची चित्रं काढत नाही

१ फेब्रुवारी

फ्रेमवाल्याने दुकानाच्या काचेवर पाटी चिकटवली आहे : ‘आपल्या लाडक्या प्राण्याचे भावपूर्ण चित्र काढून मिळेल.’ मी म्हटलं, तो शब्द काढ. भावपूर्ण म्हटलं की पुढे श्रद्धांजलीच येते. तो म्हणाला, "काका, निम्मी गिऱ्हाइकं त्यासाठीच येणार आहेत." त्याच्यापुढे बोलून उपयोग नाही. त्याला फ्रेम खपल्याशी मतलब.

हात रिकामा राहिला तर आखडेल, म्हणून मी या कामाला हो म्हणून बसलो. नोकरीभर पशुवैद्यकीय कॉलेजच्या चित्रशाखेत बसून गोचीड काढले, जंत काढले, सडलेले खूर काढले, गायीच्या पोटाचे आडवे छेद काढले. कधी पोटात ढवळलं नाही. रोग कागदावर फार स्वच्छ असतो. आज पहिलं गिऱ्हाईक आलं आणि मळमळायला लागलं. चपट्या नाकाचा एक कुत्रा, तान्ह्या बाळासारखा झोळीत घालून आणलेला. बोलता बोलता मालकाने त्याला स्वतःच्या तोंडावर चाटू दिलं आणि तेच तोंड घेऊन माझ्याशी बोलत राहिला. "काका, चित्रात आमचं नातं दिसलं पाहिजे."

नातं कुठल्या अवयवात असतं ते मला कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. मी फोटो घेतला आणि हात धुऊन आलो.

४ फेब्रुवारी

बाहेरची घाण कमी पडते म्हणून घरी साहेब आहेतच.

साहेब म्हणजे दादाचा कुत्रा. नाव दादानेच ठेवलं. साहेबांना हाक मारताना शेजारपाजारचे दचकायचे, याची त्याला फार मौज. मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. वरच्या मजल्यावर आता वहिनी आणि साहेब. वहिनींचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, त्यामुळे साहेबांना फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी एकटा माणूस, दुसऱ्याच्या ओल्या टॉवेलची नुसती कल्पना करून लग्न टाळलेला. आणि माझ्याच हातात पट्टा.

फिरून आल्यावर साहेब वर जातील तर शपथ. माझ्या खोलीत येतात. मी टेबलाशी उभा राहून काम करतो, तिथे येऊन सगळं अंग माझ्या डाव्या पायावर टाकतात आणि तसेच उभे राहतात. अपघातानंतर दादाचा डावा पाय कमजोर झाला होता. तेव्हापासून कुत्रा त्या बाजूला चिकटून असायचा. दादा त्याच्यावर टेकायचा की तो दादावर, ते त्या दोघांनाच माहीत. आता पाय बदलला आहे, हे साहेबांच्या डोक्यात शिरत नाही.

तोंडातून लाळ गळते. उजवा कान वाहतो, त्याला आंबलेल्या फडक्यासारखा वास येतो. मी उपाय शोधून काढला आहे. साहेब आले की डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घ्यायची. कातडी धुता येते. कापडात बसलेला वास जात नाही.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्याचंही एखादं काढा की."

मी म्हटलं, "घरची चित्रं मी काढत नाही." घरच्यांच्या नाकाचा शेंडा चुकला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

७ फेब्रुवारी

झोळीवाला बायकोला घेऊन चित्र न्यायला आला. दोघं बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिले. बायको म्हणाली, "ह्याला काय झालंय?"

मी म्हटलं, "नाकपुड्या अरुंद आहेत. श्वास पुरत नाही. खालचे दात दाटीने आलेत."

"नाही, म्हणजे बरोबर आहे सगळं," नवरा म्हणाला, "पण हा आमचा वाटत नाही. दवाखान्यातला वाटतो."

डोळे मोठे करून हवे होते त्यांना, ओले चकचकीत. करून दिले. कुत्रा कांदा चिरल्यासारखा दिसायला लागला आणि दोघं खूश. बायकोने चित्राचा मुका घेतला. फ्रेमवाल्याला काच परत पुसावी लागली.

१० फेब्रुवारी

पुतणीचा फोन. तिला सातवा लागलाय, आई कायमची तिकडेच आली पाहिजे. वरची जागा भाड्याने द्यायची. चांगलं आहे. वहिनींनी आता माणसात राहावं.

जावयाला कुत्र्याच्या केसांनी दमा होतो. म्हणजे साहेबांचं काय, हा प्रश्न कुणी काढला नाही. मीही काढला नाही. माझा काय संबंध.

१३ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. हातात बर्फाचा डबा. वाटलं औषधं असतील. डबा उघडला तर आत पोपट. मेलेला. "फोटोत त्याचा हिरवा कधी खरा आलाच नाही," म्हणाल्या, "म्हणून हाच घेऊन आले."

फ्रेमवाला नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला. मला मात्र आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांत या बाई शहाण्या वाटल्या. मॉडेल हलत नाही, चाटत नाही, शिंकत नाही. पंख उलगडून पाहिला, रंग जुळवून घेतले. मजेत होतो मी. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी घरी गेले की मला म्हणायचा, आ करा." दवाखान्यात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांचा स्वतःचाच जबडा थरथरला.

मी रंगांच्या डब्यात तोंड घातलं. मोठी माणसं अशी ओली झाली की मला बघवत नाही. नाक पुसलेला कागद त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवला.

१५ फेब्रुवारी

साहेब ब्रश धुवायचं पाणी प्यायले आणि बिछान्यावर ओकले. निळं. चादर टाकून दिली. मग अर्धा दिवस त्यांच्या पोटाला हात लावून बसावं लागलं, रंगात विषारी काही होतं की काय म्हणून. काही झालं नाही. ढेकर दिली, माझ्या तोंडावर.

१६ फेब्रुवारी, रविवार

वहिनींना धरून जिना उतरवला आणि गाडीत घालून गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रमात नेलं. साहेबांना तिथे ठेवायचा विचार आहे. पुतणीने नाव काढून दिलं, फार चांगली जागा आहे म्हणे.

कसली चांगली. दारातच वास नाकात गेला. भुंकण्याने डोकं फुटायची वेळ. फरशी ओली, पाईप मारून तशीच सोडलेली. ओल्या फरशीवर ह्याचा कान कधी बरा व्हायचा? कान कोण पुसतं, असं मी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "पुसतो की, आंघोळीच्या दिवशी." आंघोळीच्या दिवशी. ह्याचा कान दिवसातून दोनदा पुसावा लागतो, तोही कोमट पाण्याने, आणि आधी मानेखाली खाजवल्याशिवाय साहेब कानाला हात लावू देत नाहीत. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो हो हो म्हणत माझ्या मागच्या कुत्र्याला बिस्किट देत होता.

जेवणाची भांडी सामाईक. भांड्याला मुंग्या. आणि उभं राहायला पिंजऱ्यात जागा अशी की टेकायचं म्हटलं तर जाळी.

येताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही ठेवाल का त्याला?"

"मी?" मी म्हटलं. "वहिनी, मला घाण सहन होत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी आश्रमाची गाडी येऊन साहेबांना घेऊन जाणार, त्याच दिवशी पुतणी वहिनींना घ्यायला येणार. ठरलं. घरी पोचलो तर साहेब दारात, शेपटीने पाण्याची बाटली पाडलेली.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी पोपट पाहिला. पीस न् पीस माझं बरोबर. बाई म्हणाल्या, "हा आमचा वाटत नाही."

दुसऱ्यांदा तेच वाक्य. मी विचारलं, काय चुकलं? त्या म्हणाल्या, "चुकलं काहीच नाही. पण मी त्याला खांद्याशिवाय कधी पाहिलाच नाही. थोडा खांदा काढाल?"

दुपारी त्यांनी स्वेटर पाठवून दिला. डाव्या खांद्यावर नखांनी ओढलेले धागे, चोचीने पाडलेलं भोक आणि शीट. वाळलेली. मुद्दाम धुतला नाही म्हणे. चिमट्यात धरून टेबलावर ठेवला. शिकलीसवरली बाई, दिवसभर हातमोजे घालून लोकांच्या तोंडात बघते, आणि घरी हे.

काढलं सगळं. शिटेसकट. अर्धवट काढायची सवय नाही मला.

१९ फेब्रुवारी

बाई आल्या. पोपटाकडे पाहिलंसुद्धा नाही. काचेवरून भोकावर बोट ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आमचा."

एवढी पिसं काढली, आणि पसंती कशाला, तर भोकाला आणि शिटेला. फ्रेमवाला आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसून आला. म्हणाला, धूळ गेली. हे काम आता सोडून द्यावं असं वाटतं. सगळ्यांनाच काहीतरी होतं आहे.

२० फेब्रुवारी

साहेबांचं चित्र काढलं, पेन्सिलीने. वहिनींनी दोनदा विचारलं होतं, आणि जाताना त्यांच्या हातात काहीतरी असावं. घरची चित्रं काढत नाही हे खरं, पण रविवारनंतर साहेब काही घरचे नाहीत.

आधी नुसते साहेब काढले. कागदावर ते पडतील असे दिसायला लागले. तसं उभं राहणं कुठल्याच चार पायांच्या जनावराला शक्य नाही. मग डॉक्टरीणबाईंचा खांदा आठवला आणि पाय घ्यावा लागला. दादाचा डावा पाय, मांडीपासून खाली. दादाचे सगळे फोटो कमरेवरचे आहेत, पण मला फोटोची गरज नाही. सख्ख्या भावाचा पाय आहे, आठवण पक्की आहे.

साहेब टेकलेले होतेच. वरून मला त्यांची नुसती पाठ दिसते म्हणून कपाटाचा आरसा काढून समोर भिंतीला लावला. आरशात डावं-उजवं उलटतं ते सुलटवून घेतलं. असल्या चुका माझ्या हातून होत नाहीत. दुपारपासून उभा होतो. पाय बधिर झाला, पण हललो नाही, हललो असतो तर साहेबही हलले असते. लाळ घोट्यापर्यंत ओघळत गेली. तीही काढली. वाहता कान, पांढरी झालेली हनुवटी, डोळ्याच्या कोपऱ्यातली चिकट घाण, काही सोडलं नाही. पायाला सगळं अंग टाकल्यावर त्यांचं खालचं कातडं एका बाजूला सरकतं आणि चेहरा थोडा बावळट दिसतो. तोही जमला.

चित्र चांगलं झालं आहे. असं माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. उद्या देईन.

२१ फेब्रुवारी

चित्र घेऊन वर गेलो. घर निम्मं बांधून झालेलं, खुर्चीवर गाठोडी. वहिनी पलंगावर बसून बघत होत्या. आधी हसल्या, साहेबांच्या बावळट चेहऱ्याला. मग हसू गेलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

म्हणाल्या, "भावजी, हा आमचा नाही वाटत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. झोळीवाला म्हणाला, ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक. पण ज्या कुत्र्याचा कान मी रोज पुसतो, ज्याची ओकारी माझ्या चादरीवर पडते, त्याच्याबद्दल मला कुणी हे ऐकवायचं? मी म्हटलं, "वहिनी, केसांचा भोवरासुद्धा बरोबर आहे. मागच्या पायाचं वाकडं नख बरोबर आहे. चूक दाखवा."

"कुत्रा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पाय चुकलाय."

"दादाचा पाय मी चुकेन?"

"ह्यांनी उभ्या जन्मात पँट दुमडली नाही. डावा पाय कायम ओला, कडक, वासाचा. मी धुतल्यात ना त्या."

मी चित्र हातात घेतलं. डावी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. एकावर एक नीट चपटी घडी, शिलाई बाहेर. खाली उघडी पोटरी. दादाचा अपघाताचा व्रण नाही. पायाचं मधलं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. ते माझं आहे.

इतका ढोबळ घोटाळा माझ्या हातून कधी झालेला नाही. आरशात समोर दिसत होता तो पाय काढत गेलो, दुसरं काय. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर कागद फाडून हातात दिला असता. मी म्हटलं, "द्या, रबराने पुसून घेतो. घडी काढतो, व्रण घालतो."

"नका पुसू."

"चूक आहे ती, वहिनी."

"असू दे. हे तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या. "हा तुमचा आहे." मग फोन मागितला आणि माझ्यासमोरच आश्रमवाल्याला सांगितलं की रविवारची गाडी नको. मला विचारलंसुद्धा नाही. मागच्या रविवारी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, ते त्या विसरल्या असाव्यात. मी आठवण करून देणार होतो, पण त्या गाठोड्याला गाठ मारत होत्या आणि ती दोनदा सुटली. अशा वेळी वाद घालणं बरं दिसत नाही.

"मला दुसरं काढून द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या पायाचं. पण बघून काढा."

बघून काढा म्हणे. गेलेल्या माणसाचा पाय कुठून बघू?

२३ फेब्रुवारी, रविवार

वहिनी गेल्या. पुतणीने साहेबांच्या गळ्यात पडून एवढा मुका घेतला की मला भिंतीकडे बघावं लागलं. गाडी वळल्यावर साहेब सगळे जिने चढून वर गेले आणि कुलपाला नाक लावून बसले. हाक मारली, आले नाहीत. पट्टा दाखवला, आले नाहीत. शेवटी मी त्या घाणेरड्या पायरीवर बाजूला बसलो. कुणी झाडलेली नाही ती, केसच केस. मग पायाला टेकले आणि आले खाली.

वहिनींनी दाराशी पिशवी ठेवलेली होती. त्यात दादाची एक पँट. धुतलेली, पण धुऊन न गेलेली.

२५ फेब्रुवारी

दादाची पँट घातली. निव्वळ संदर्भासाठी. त्याशिवाय कापड ओलं झाल्यावर कुठे काळं पडतं, कुठे ताणतं, ते कळणार नाही. कमरेला सैल होते, दोरी बांधावी लागली. दुमडली नाही, कारण दादा दुमडत नसे.

साहेब आले. पँटला हुंगत राहिले. वरपासून खालपर्यंत, परत वर, नाकाने कापडात फुसफुस करत. मग माझ्याकडे मान वर करून पाहिलं. मला वाटलं आता रडगाणं सुरू करतात. तसं काही नाही, नेहमीसारखे टेकले. नेहमीपेक्षा जड. कोमट ओल कापडातून आत झिरपली आणि मांडीला चिकटून बसली. या ओल्या चिकटपणात दादा वर्षानुवर्षं चहा प्यायचा, पेपर वाचायचा, आणि वर म्हणायचा, "बघ, कसा माझा आधार घेतो." कसा सहन करायचा कोण जाणे.

अंधार पडेपर्यंत काढत होतो. एक-दोनदा डोळ्यात पाणी आलं, वास फार उग्र आहे त्या कानाचा.

२७ फेब्रुवारी

फ्रेमवाल्याने वहिनींचं चित्र नीट बांधून पाठवलं. माझ्याकडचंही त्याने न विचारता फ्रेम केलं, घडीच्या पायाचं. म्हणे दुकानात नमुना म्हणून लावतो. मी म्हटलं, आण इकडे. लोकांनी बोटं लावायला नाही ते.

२ मार्च

साहेबांचा कान दाखवायला दवाखान्यात. कंपाउंडरने विचारलं, कुत्रा कुणाचा? वहिनींचा, माझ्याकडे असतो, असं सांगितलं. आश्रमात असता तर या ओलीत कान हातचा गेला असता, हेही सांगितलं. त्याने कुठला आश्रम म्हणून विचारलं. त्याला सगळं सविस्तर सांगावं लागलं.

वहिनींचा फोन आला. चित्र पोचलं. पलंगासमोर लावलं आहे. "हा आमचा," एवढंच म्हणाल्या आणि फोन पुतणीकडे दिला. मागे कुणीतरी नाक ओढत होतं. मी लगेच ठेवला.

५ मार्च

फ्रेमवाल्याने तीन मांजरं आणि एक ससा आणून दिलाय, सगळ्यांना नातं हवं आहे. मी प्रत्येकाला सांगितलं की जनावर नको, आधी ते जिथे बसतं ती वस्तू आणा, न धुता. एका बाईने उशी आणली. उशी कसली, निव्वळ केस. शी.

सकाळपासून कामात होतो. संध्याकाळी खाली पाहिलं तर डावी पँट गुडघ्यापासून खाली चिंब, कडक आणि कानाच्या वासाची. साहेब कधी येऊन टेकले ते कळलंच नाही. दुमडायची राहिली.